तिघांचं एकच औषध

औषध मोजताना आमच्या डॉक्टरबाई गुडघ्यांत वाकायच्या. खुणांचा काचेचा पेला टेबलावर ठेवायचा, डोळा बरोबर रेषेसमोर आणायचा आणि श्वास रोखून थेंब सोडायचे. माधवनगरच्या गिरणीकडच्या बायकांना वाटे, बाई औषधाच्या पाया पडतात. एकीनं तर मला विचारलंच, "आवं, कुठल्या देवाचं हाय ते?"

सत्तरच्या दशकात मी त्यांच्याकडे कंपाउंडर होतो. खलात गोळ्या कुटायच्या, भुकटी कागदावर पसरायची आणि नजरेनंच वाटे करून पुड्या बांधायच्या, अशी माझी जुनी सवय. बाईंनी मात्र सराफाकडे असतो तसला छोटा काटा आणला. लहान मुलांची प्रत्येक पुडी त्यावर चढायची. बाहेर माणसं ताटकळलेली आणि मी आत कणभर काढतोय, कणभर घालतोय.

एकदा वैतागून म्हणालो, "बाई, ही काय सोन्याची भुकटी आहे?"

"सोनं जास्त झालं म्हणून कुणी मरत नाही हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

दुखण्याच्या गोळीवर त्यांचा विशेष डोळा. तेव्हा ती वाण्याकडे बिड्यांशेजारी मिळायची. मागावर उभं राहून कंबर धरली की माणसं चहाबरोबर दोन-दोन गिळायची, तीही उपाशीपोटी. "येकीनं गुण न्हाई आला, मग आनि तीन घेतल्या," असं कुणी फुशारकीनं सांगितलं की बाई खुर्चीतून उठायच्याच. "पोटात रक्त होईल! गोळ्या आहेत त्या, भजी नव्हेत!" असा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तुमच्याही गावात असं कुणीतरी ओरडणारं असेलच.

एका दुपारी गिरणीतल्या एका कामगाराचा लहान मुलगा आईनं खांद्यावर टाकून आणला. मागोमाग आजी आणि लष्करातून सुट्टीवर आलेला काका. पोराला तापासाठी आमचीच पुडी चालू होती. आता ते ओकत होतं, जोरजोरात धापा टाकत होतं, हाकेला ओ देत नव्हतं. मला वाटलं, ताप वाढला. मी पुडी बांधायला घेतलीसुद्धा.

बाईंनी माझा हात बाजूला सारला आणि एकेकाला विचारलं, "तुम्ही काय दिलंत?"

"तुमचीच पुडी," आई म्हणाली.

काका म्हणाला, "आमच्याकडची गोळी लय पावरफुल हाय. सकाळी दिली, परत दुपारी दिली."

आजी घुटमळली. "वाण्याची दिली. आख्खी. लेकरू कण्हत हुतं, मला बघवंना."

नावं तीन, औषध एकच: तीच दुखण्याची गोळी. घरातल्या प्रत्येकानं दुसऱ्याला न सांगता माया केली होती. बाईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गिरणीची जीप मागवून त्या स्वतः पोराला घेऊन सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात गेल्या आणि ते धोक्याबाहेर येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पोर वाचलं. पण सून आजीला त्याच्याजवळ फिरकू देईना. काकाला मात्र कुणी काही बोललं नाही. तो नोकरीवर परतला होता. पुढं पोराला घेऊन सून खोकल्याचं औषध न्यायला आली, तेव्हा आजी दाराबाहेरच उभी राहिली. बाईंनी तिला आत बोलावून बाटली तिच्याच हातात दिली.

"यापुढं घरात औषध आजी देतील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"नगं बाई! माजा हात कापतोय."

"कापू दे. तुम्ही आता चुकणार नाही."

आजीनं बाटली पदराखाली घेतली आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी खल घासत बसलो.

दोनेक वर्षांनी बाईंना हाडांचा कॅन्सर झाला. दवाखाना बंद झाला. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी त्या वारल्या. आजी बसनं एकटीच आली, तोवर त्यांना नेलं होतं. अंगणात मीच होतो.

"शेवटाला लय दुखलं का रं त्यांना?"

"नाही," मी म्हणालो.

"मग माज्याकडं बघून सांग की," आजी म्हणाली.

मला मान वर करता आली नाही.