खाडीत शिरलेले सुबूर

साठच्या दशकात कुवेतला मी मासे मोजण्याचा पगार घेत होतो. पत्रात हे लिहिलं तेव्हा रत्नागिरीला आईला वाटलं, मी थट्टा करतोय. पण सरकारी मत्स्य खात्याला माशांची ओळख असलेला, इंग्रजी लिहू शकणारा माणूस हवा होता, आणि दोन्ही मला येत होतं.

आखाताच्या उत्तरेला एक खाडी होती. रस्ता बांधताना तिच्या तोंडाशी भराव पडला आणि भरतीचं पाणी आत जायचं बंद झालं. आमच्या इंग्रज साहेबानं वरपर्यंत खटपट करून तो भराव उपसायला लावला. सुबूर, म्हणजे आपल्याकडचा पाला, समुद्रातून गोड्या पाण्याकडे चढणारा मासा. त्याची पिल्लं पूर्वी या खाडीत वाढायची, असं तिथले जुने मच्छीमार सांगत. ती परत येतात का, हे आम्हाला पाहायचं होतं.

जाळं लावायला मुरूडकडचे एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे म्होरके, होते. साठीला टेकलेले, मी त्यांना चाचा म्हणे. दर आठवड्याला आम्ही दोघं शहरातल्या दस्मान भागातून जीपनं निघायचो. खाडीच्या तोंडाशी भरतीला जाळं लावायचं, सापडलेला मासा मोजायचा, परावर लहानशी कात्री मारून खूण करायची आणि सोडून द्यायचा. ओहोटीला जाळ्याचं तोंड फिरवून बाहेर पडणारे मोजायचे.

पहिलं वर्ष रिकामं गेलं. दुसऱ्या वर्षी आधी कोळंबी आली, मग बोयटं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बोटभर लांबीचे सुबूर. साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली. चाचा मात्र उतरणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

"काय झालं चाचा?"

"आत जातान ते दिसतान. भायेर येताना कोण दिसला तुला?"

मी वही उघडली. आत शिरलेल्यांची पानं भरली होती. ओहोटीच्या पानांवर खूण केलेला एखाददुसरा मासा. साहेबाला दाखवलं.

"आत रमले असतील," तो म्हणाला. "चांगलंच आहे की."

त्याचा अहवाल टाईप होऊन तयार होता. मी वही मिटली. त्याची मला आजही लाज वाटते.

ऑगस्टात वारा पडला. एका सकाळी आम्ही पोचलो तर निवटे, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, चिखल सोडून वर कोरड्या वाळूवर येऊन बसले होते, शेकड्यांनी, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. कुर्ल्याही बिळं सोडून वर आल्या होत्या. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला होता.

"आज जाळा नको," चाचा म्हणाले. "आत काय हाय ता बघू."

आम्ही काठाकाठानं आत चालत गेलो. मैलभरावर जुन्या वाटेचा एक बांध निघाला. आमच्या नकाशावर तो नव्हताच. त्याच्याखाली एक अरुंद मोरी होती, अर्धी गाळानं बुजलेली. मोठ्या भरतीला पाणी बांधावरून पलीकडे जायचं आणि मासे त्याच्याबरोबर. उतरताना फक्त मोरीतून झिरपायचं. पलीकडच्या डोहात सुबूर पांढरी पोटं वर करून पडले होते, एकाला एक लागून. पाणी दिसत नव्हतं.

खुणेचा एखादा मासा तरी साहेबाला दाखवायला हवा म्हणून चाचा डोहात उतरले. मांडीपर्यंत काळा गाळ. पाय हलले तसे बुडबुडे फुटायला लागले.

"वास गेला रे," ते म्हणाले. मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या क्षणी ते तोंडावर पडले.

मी श्वास कोंडून उतरलो, काखेत हात घातले आणि ओढलं. गाळ सोडत नव्हता. बांधावर कसं आणलं ते मला नीट आठवत नाही. त्यांच्या ओठांना निळी झाक आली होती. बऱ्याच वेळानं ते खोकले.

इस्पितळात डॉक्टरनं सांगितलं, तळाचा गाळ कुजून विषारी वायू साठला होता; तो वाढला की आधी नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. साहेब दोन वेळा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्यानं माझी वही मागून घेतली आणि पलंगाशेजारी बसून ओहोटीची पानं शेवटपर्यंत वाचली.

"हे तुम्ही मला दाखवलं होतंत," तो म्हणाला. अहवाल त्यानं परत मागवला आणि नवा लिहिला. हिवाळ्यात बांध फोडला गेला.

पुढच्या वर्षी सुबूर आले, पण थोडे. त्यातले बरेचसे ओहोटीला बाहेरही पडले. मी प्रत्येक आकडा दोनदा तपासून लिहिला.

चाचांचा श्वास सुधारला. वास मात्र गेला तो गेलाच. कायमचं गावी परतायला ते बोटीवर चढले त्या दिवशी मी त्यांना सुक्या कोळंबीची पुडी दिली. त्यांनी ती नाकाशी नेली, थोडा वेळ धरली आणि खिशात ठेवली.

"आता तू नीट बघ," एवढंच म्हणाले.

त्या खाडीवर मी आणखी चार वर्षं जात होतो. वारा पडलेल्या दिवशी जीपमधून उतरण्याआधी, निवटे चिखलात आहेत की वर वाळूवर, ते बघायचो.