सुतारभाऊंनी मांडलेला पाट

पाण्याचा पाट, बसायचा पाट, आणि आमच्याकडे विधवेचं दुसरं लग्न, त्यालाही पाटच म्हणतात बघा. पवनानगरचे आमचे सुतारभाऊ बोलायला कंजूस. काही विचारलं की आधी रंध्यावरचा भुसा फुंकणार, मग उत्तर.

त्यांचा तरणा मुलगा गेला. पुढे सुनेचं दुसरीकडे जमलं, तेव्हा भावकी म्हणाली, "पाटच हाय, घरातल्या घरात उरका."

भाऊंनी नुसता भुसा फुंकला. मुलाच्या नव्या घराच्या दारासाठी जपलेली सागाची फळी काढली, तिचा पाट केला आणि भर दुपारी अंगणात मांडला. रांगोळी मी काढली.

"ये पोरी, बस. माझ्या लेकीचं लगीन हाय, लपवायचं काय त्यात?"

ती पुढे आली, तशी भाऊंनी वाकून पाटावर फुंकर मारली. भुसा नव्हताच तिथं.