गुंडी तिकडे करायची

नवीन माणूस भेटला की लोक त्याचा चेहरा बघतात, मी अंगठा बघते. हा धंद्याचा दोष आहे. चंद्रपुरात आमचं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथे हातात धरून वापरायची यंत्रं तयार होतात. गडचांदूरकडच्या सिमेंटच्या धुळीत चालणारी मीटरं, शेतातल्या ओलाव्याची मीटरं, असं काहीबाही. या सगळ्यांवर अंगठ्याखाली एक बारीकशी कळ असते. शेंगदाण्याएवढी दांडी, चारही बाजूंना कलते आणि मधोमध दाबली की आत जाते. ती कळ बनवणं हे माझं काम.

ऐकायला क्षुल्लक वाटतं, आणि लोकांनी तसं तोंडावर म्हटलं की मला राग येतो. दांडीखाली पातळ पत्र्याच्या पाच फुगीर चकत्या असतात. आम्ही त्यांना टिकल्या म्हणतो. चार बाजूंना चार, मध्ये एक. दांडी कलली की त्या बाजूची टिकली टक्क करून बसते आणि यंत्राला दिशा कळते. अडचण अशी, की कुठलाही माणूस सरळ खाली दाबत नाही. अंगठा तिरपा येतो, म्हणून दाबताना दांडी थोडी कलतेच. याला दाबायचं होतं की कलवायचं होतं, हे यंत्राने ओळखायचं कसं? मी दांडीच्या बुडाशी गोळी बसवली, मधली टिकली जरा खोल नेली, ती जास्त कडक केली. शेवटी अशी कळ जमली की माणसाच्या मनात जे असेल तेच नोंदलं जायचं. निदान मी तसं सगळ्यांना सांगत फिरायची.

माझी मामी सावलीकडच्या एका खेड्यात राहते. वरोऱ्याहून आई मला दर उन्हाळ्यात तिच्याकडे धाडायची. धानाच्या बांध्या संपल्या की तिथे जंगलच सुरू होतं, मध्ये काही नाही. सात-आठ वर्षांची असताना मी तिच्या परसातल्या वेलावर एक कोवळा भोपळा पाहिला आणि बोट दाखवून ओरडले, "मामी, पाह्य!" तिने धावत येऊन माझं बोट धरलं आणि आपल्या दातांत दाबलं. चांगलंच दाबलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, दाखवायचंच असेल तर बोट दुमडून दाखवायचं, आणि चुकून दाखवलं तर ते बोट चावायचं, म्हणजे दोष उतरतो. तिसऱ्या दिवशी तो भोपळा देठापाशी काळा पडला. पुढे डिप्लोमाला असताना मी फळमाशीबद्दल वाचलं आणि मोठ्या ऐटीत तिला जाऊन सांगितलं, की हा सगळा माशीचा प्रताप आहे.

"हाव," ती म्हणाली. "मंग माशीले कोनं दाखोलं?"

मामी चैतात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांच्या पुढे चालते. पहाटेची फुलं सकाळीच वेचावी लागतात, आणि खाली वाकलेली बाई जनावराला बाई वाटत नाही, भक्ष्य वाटते. म्हणून एकीने पुढे जायचं, कानोसा घ्यायचा, मग बाकीच्यांनी यायचं. मागच्या चैतात शेजारच्या गावची एक बाई मोहाखालून परत आली नाही. तिची टोपली अर्धी भरलेली, सरळ ठेवलेली सापडली. ते ऐकल्यापासून मला मामीची काळजी खाऊ लागली. जंगलात मोबाईलला रेंज नाही. ओरडावं तर जनावरालाही ऐकू जातं.

मी सहा यंत्रं बनवली. साबणाच्या वडीएवढी, आत होकायंत्र, जीपीएस आणि छोटा रेडिओ. एकीने गुंडी कलवून दाबली की बाकीच्या पाच यंत्रांना हातात थरथर जाणवायची आणि पडद्यावर त्याच दिशेचा बाण उमटायचा. कळीला गुंडी हे नाव मामीचंच. गावात येऊन रेंज मिळाली की दिवसभराच्या नोंदी माझ्याकडे यायच्या आणि गुंडी दाबली तिथून दाखवलेल्या दिशेला, ठरावीक अंतरावर, नकाशावर लाल ठिपके पडायचे.

शिकवायला मी स्वतः गेले. मामीच्या अंगणात मामीसकट सहा बाया बसल्या होत्या. मी म्हणाले, "जनावर दिसलं, का नुसता वास आला, का वांदर ओरडलं, की गुंडी तिकडे करायची आन् दाबायची. बस." मग एक बकरी वाघ झाली. ती जिकडे जाईल तिकडे बायांनी गुंडी कलवायची. एकीचीही चूक झाली नाही. हसून हसून सगळ्या बेजार झाल्या. मी खूश होऊन चंद्रपूरला परतले.

पहिला ठिपका चौथ्या दिवशी आला. नकाशावर बघितलं तर तो जंगलात नव्हता, गावच्या बोअरिंगपाशी होता. मला वाटलं, असेल, आलं असेल पाण्यावर. दुसरा अंगणवाडीच्या मागे. तिसरा बुद्धविहाराच्या कंपाउंडला लागून. मी दुपारी वर्कशॉपमध्ये डबा उघडून बसायची आणि नकाशा उघडायची, आणि माझा घास तोंडातच राहायचा. जंगलात एकही ठिपका नाही. सगळे घरांमध्ये. ते जनावर रोज सकाळी बाया निघून गेल्यावर गावात शिरत होतं, आणि त्या परत येतील त्या वाटेवर उभं राहत होतं.

सातवा ठिपका मामीच्या परसात पडला, जिथे मी भोपळ्याला बोट दाखवलं होतं तिथे.

मी फोन केला. "मामी, परसात काही दिसते का? पायाचे ठसे-बिसे?"

"काऊन?"

"उगीच विचारलं."

"उगीच कोनी इचारते का, बाई?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

दुसऱ्या दिवशी कळलं, की तिने परसात चुलीची राख पसरली, बकऱ्या घरात घेतल्या आणि शेजारणींनाही सांगितलं. राखेवर काही उमटलं नाही. पण गावाला एकदा शंका आली की आलीच. बाया बोअरिंगवर एकटीदुकटी जाईनात. परसाकडे बघून कुत्रं भुंकतं, असं कुणीतरी म्हणालं, आणि मग ते सगळ्यांनाच ऐकू यायला लागलं. मलाही फोनवर ऐकू आलं.

मी मात्र शिकलेली. मी ठरवलं, की हा कळीचा दोष आहे. जोडताना दांडी उलटी बसली असणार, म्हणजे पुढे कलवली की मागची नोंद. ठिपके उलट दिशेला टाकून बघितले, तर प्रत्येक ठिपका बरोबर जंगलात जाऊन पडला, नाल्याच्या काठाने, ओळीने. अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. कोडं सुटलं होतं. सहाच्या सहा दांड्या एकाच वेळी उलट्या बसल्या कशा, आणि मग बकरीच्या वेळी सगळं बरोबर कसं आलं, हे प्रश्न मी स्वतःला विचारायला हवे होते. ते मी विचारले नाहीत. चूक आपल्या हातची नाही, वस्तूची आहे, हे उत्तर मिळालं की मी पुढे विचार करत नाही.

शनिवारी दुपारी मी गावात गेले, यंत्रं गोळा केली आणि लॅपटॉप लावून सहाही यंत्रांत दिशा उलटी करून टाकली. मामी शेजारी बसून चिंच फोडत होती.

"मामी, जनावराची चाहूल लागली की तू गुंडी कुठी करते?" मी विचारलं. तेवढी खात्री करून घेतली.

"तू सांगतलं तशीच. तिकडे."

मी मान डोलावली आणि यंत्रं परत दिली. बदलाबद्दल काही बोलले नाही. कशाला त्यांच्या डोक्याला त्रास?

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. चांगलं उजाडलं होतं. मामी पन्नास पावलं पुढे, तिच्या यंत्रासह. मागे चार बाया आणि त्या दिवशी न आलेल्या सहावीचं यंत्र हातात घेतलेली मी. मोहाचा गोड, आंबूस वास इतका दाट होता की डोकं जड व्हावं. झाडाखाली पाला जाळून जमीन काळी केली होती आणि तिच्यावर पिवळी फुलं पडली होती. फुलं पडताना आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं. टप्. टप्. मग माझ्या लक्षात आलं, की त्याशिवाय दुसरा कुठलाच आवाज येत नाहीये. पाखरं नाहीत. मामीच्या पायाखालचा पालाही वाजत नाहीये. ती थांबली होती.

हातातलं यंत्र थरथरलं.

बाण जंगलाकडे होता, मामी उभी होती त्याच्याही पलीकडे, नाल्याकडे. मी मनात म्हटलं, बघा, आता कसं बरोबर दाखवतंय. आणि शेजारच्या बाईने टोपली कमरेवर घेतली आणि नाल्याकडे चालू लागली. तिच्या मागे दुसरी. तिसरी.

"अवो, कुठी चालल्या?" मी कुजबुजले.

"तुही मामी बोलावून राह्यली नं," पहिली म्हणाली. "बान तिकडे हाये."

"तिकडे जाऊ नका! तिकडे जनावर हाये!" मी म्हणाले, आणि हात लांब करून, सरळ बोटाने, नाल्याकडे दाखवलं.

चारही बाया जागच्या जागी थांबल्या. त्या नाल्याकडे बघत नव्हत्या. माझ्या बोटाकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती वाघाची नव्हती.

"खाली कर," एक जण म्हणाली. "त्याच्याकडे बोट करते का कोनी?"

तेव्हा मला कळलं. कोवळ्या फळाला ज्या बोट दाखवत नाहीत, त्या त्याला कसं दाखवतील? त्याचं नावही त्या जंगलात घेत नव्हत्या. त्याच्याकडे गुंडी कलवणं म्हणजे त्याच्याकडे बोट करणंच. बकरीची गोष्ट वेगळी होती, बकरीला काय, कुणीही दाखवावं. खऱ्या जंगलात ‘तिकडे’ म्हणजे जिकडे आपण जायचं तिकडे. मामी रोज गुंडी गावाकडे करत होती: चला, घरी चला. सगळ्या जणींना ते न सांगता समजलं होतं आणि सगळ्या सुखरूप घरी येत होत्या. माझ्या नकाशावरचे ते सगळे ठिपके म्हणजे त्यांच्या घराच्या वाटा होत्या. त्या वाटांवर मी वाघ उभा केला होता, आणि काल दुपारी, चिंच फोडणाऱ्या मामीच्या शेजारी बसून, त्या वाटा खऱ्या वाघाकडे वळवल्या होत्या.

"गावाकडे चला," मी म्हणाले. "बान उलटा हाये. माझी चूक हाये. चला."

यंत्र पुन्हा थरथरलं. पुन्हा. मामीला मागे आमची हालचाल ऐकू येत नव्हती, म्हणून ती गुंडी गावाकडे करत होती आणि दाबत होती, गावाकडे आणि दाबत होती, आणि माझ्या हातातला बाण दर वेळी नाल्याकडे उमटत होता. टक्क, टक्क. कळ अगदी बिनचूक चालली होती. मी ते यंत्र फेकून दिलं.

आम्ही मागे सरकत धुऱ्यापर्यंत, धानाच्या शेताच्या बांधापर्यंत आलो. मामी अजून आत होती. नाल्याकाठच्या करवंदीच्या जाळीत काहीतरी होतं. मी ते पाहिलं असं म्हणणार नाही. जाळी होती, आणि जाळीचा एक भाग वाऱ्याने हलत नव्हता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मामी दिसली. ती उलटी चालत होती, तोंड जंगलाकडे, एकेक पाऊल चाचपत. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आम्ही तिथे आहोत की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिची पाठ माझ्या हाताला लागली तेव्हा ती दचकली. वळली, बाया मोजल्या. मग आपल्या अंगठ्याकडे बघितलं. दाबून दाबून तो पांढरा पडला होता.

"माह्या अंगठा चुकला का, बाई?" तिने विचारलं. "मी तं तू सांगतलं तशीच करून राह्यली होती."

मला रडू कोसळलं. "तुह्या नाई, मामी," मी म्हणाले. "माहं बोट चुकलं."

बायांनी तिला सांगितलं, की हिने त्याच्याकडे बोट केलं, सरळ केलं. जंगलाकडे एकदा बघून मामीने माझा हात ओढला, ते बोट आपल्या तोंडात घेतलं आणि दाबलं. तिचे दोन दात आता पडलेले आहेत. उरलेल्या दातांनी तिने इतकं दाबलं, की मी ओरडले.

"आता घरी चाल," ती म्हणाली, आणि हात वर न करता, नुसत्या हनुवटीने गावाकडे खूण केली.