पंच्याने धरलेली जागा

जगातली सगळी वाहनं आपल्यासाठीच थांबतात, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी एकच पाहिला. माझे थोरले मामा! श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात त्यांची शेती. नगरला निघाले तरी ते स्टँडवर कधी जात नसत. स्टँडवर जायचा त्यांचा पंचा. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही हाती तो द्यायचा, त्याने तो खिडकीतून एसटीच्या सीटवर टाकायचा, आणि मामा पुढच्या फाट्यावर निवांत पान चघळत उभे. गाडी थांबली की पंचा खांद्यावर टाकून त्या जागी बसत. एकदा नव्या कंडक्टरने पंचा सरकवून तिथे फौजदाराला बसवलं. मामांनी त्यांनाच उठवलं. "सायेब, मानूस मागनं येतो, पन जागा आदीच येती," असं वर समजावूनही सांगितलं. फौजदारही बिचारे उठले.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती, तेव्हाची गोष्ट. मामांची एकुलती मुलगी कलकत्त्याला होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरत आलेले आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलेली. मामी तर आधीच वारलेली. "पोरीला म्हायेरी येता येत न्हाई, तर म्हायेर जाईल तिकडं," मामांनी जाहीर केलं. जावयाने विमानाचं तिकीट पाठवलं. पुण्याहून मुंबई, तिथे विमान बदलून कलकत्ता. पण डिंकाचे लाडू माझ्या आईने केलेले, म्हणजे मुंबईत आमच्या घरी. मग उगाच पुण्याला कशाला जायचं? मामा मनमाडवरून रेल्वेने थेट आमच्याकडे आले. पंचा मात्र कांदे घेऊन पुण्याला निघालेल्या एका टेम्पोवाल्याबरोबर विमानतळावर रवाना केला होता.

सांताक्रूझला त्यांना पोहोचवायला मी गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही पुण्याला बसलाच नाहीत. त्यामुळे तुमचं पुढचं तिकीटही रद्द झालं. जागा दुसऱ्यांना दिली, आता विमान भरलंय."

"आगं, मी निम्म्यातनं बसतोय. तेवढाच तुमच्या इमानाला भार कमी!"

"नियम आहे, आजोबा."

"बरं, मग माझा पंचा कुठं हाय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी लाडवांच्या डब्याकडे पाहू लागलो. पुण्याच्या पहारेकऱ्याने टेम्पोवाल्याला फाटकातूनच हाकललं होतं आणि पंचा रिकाम्या पोत्यांवर बसून बेलापूरला परतला होता, हे पुढे कळलं. विमान आमच्या देखत उडालं. "पोर वाट बगत आसंल," एवढंच मामा म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांना कलकत्त्याच्या गाडीत चढवलं. जन्मभर जागा धरून बसलेला हा माणूस दाराशी लाडवांच्या डब्यावर बसून गेला. पोहोचले, तेव्हा नातू आदल्या दिवशीच जन्मला होता.

ते परत आल्यावर मी भीतभीतच विचारलं, "मामा, उशीर झाला म्हणून ती रागावली का?"

"न्हाई रं. खाटंशेजारच्या स्टुलावर तिनं टावेल टाकून ठिवला हुता. नर्सला बसू दिलं न्हाई, जावयालाबी न्हाई. म्हनली, बाबांची जागा हाय."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. एसटीत रिकाम्या सीटवर कुणाचा पंचा दिसला, तर मी तो सरकवत नाही. उभाच राहतो. पुढच्या फाट्यावर ते असतील, असं उगीच वाटत राहतं.