लाइटवाले काका

नांदेडला वजिराबादेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मी बाबांना घेऊन गेले, तेव्हा दुकानदार माझ्याशी बोलायलाच तयार नव्हता. प्रश्न मी विचारायची, उत्तर तो बाबांना द्यायचा. आणि बाबांना, रेल्वेच्या रुळांवर सारी नोकरी काढलेल्या माणसाला, कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "पोरीला इचारा," ते दर वेळी म्हणायचे. शेवटी दुकानदाराने हात टेकले.

त्याला माझ्या गळ्यात नवाकोरा कॅमेरा मारायचा होता. मी वापरलेला घेतला. एक चांगली लेन्स, एक फ्लॅश आणि त्यावर लावायची पांढऱ्या कापडाची छत्री मात्र नवी घेतली. पहिल्या ऑर्डरी आमच्याच बौद्ध समाजातल्या येणार, हे मला माहीत होतं, आणि आमच्या नवऱ्या पांढरी साडी नेसतात. समोरून फ्लॅश मारला की त्या साडीचा नुसता चुना होतो, ना काठ दिसत ना चुण्या. उजेड बाजूने आणि डोक्याच्या वरून यायला हवा.

छत्रीसाठी दुकानदाराने स्टँड काढला. "त्यो कशाला?" बाबा म्हणाले. "लग्नात लेकरं पाय आडकवून पाडतील. मी धरतो की."

मग ते धरायलाच लागले. एका दांड्याला फ्लॅश आणि छत्री बांधायची, आणि मुदखेडच्या घरून आम्ही दोघं निघायचो. उमरीच्या पहिल्याच लग्नात नवरीच्या मामाने मला विचारलं, "हे कोण?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "लाइटवाला."

परतताना मी भांडले. त्यांच्यावर काही परिणाम नाही. "बाप म्हणून सांगितलं की मला खुर्ची देतील, सरबत देतील, टोपी-टॉवेल देतील. मग उजेड कोण धरंल? आन् लोक म्हणतील, ही तर बापाला संगं घेऊन फिरून राहिली, हिला काय जमतंय?"

तेव्हापासून मांडवात मी त्यांना काका म्हणायची. 'काका, डावीकडे.' 'काका, जरा वर.' मला ते जड जायचं, त्यांना मात्र त्याची भारी गंमत वाटायची. घरी ताटावर बसले की आईला म्हणायचे, "आधी मालकिणीला वाढ. पगार कापंल माझा."

आमच्याकडच्या लग्नात फोटोवाल्याचा खरा घाम निघतो तो आहेराला. माणूस स्टेजवर चढतो, पाकीट नवरदेवाच्या हातात देतो, पण आपल्या बाजूने सोडत नाही. दोघांनी ते धरलेलं असताना फोटो निघाला पाहिजे. निघाला नाही तर तो तसाच उभा राहतो, दात दाखवत. चुलते, मावसे, गल्लीतले, ऑफिसातले. रांग संपत नाही. आणि ती संपेपर्यंत स्टेजखाली उभ्या बाबांचा हात वर.

गेल्या सीझनला तो हात खाली यायला लागला. "काका, वर," मी म्हणायची. "हाव, हाव," म्हणत ते वर न्यायचे. थोड्या वेळाने पुन्हा खाली. खांद्याला झेंडू बाम चोळायचे, विचारलं तर म्हणायचे, "वय झालं माय, दुसरं काय?" लातूरच्या लग्नात तर छत्री त्यांच्या छातीशीच आली होती. तो शेवटचा सीझन.

उन्हाळा सरता सरता एके सकाळी दाढी करता करता बाबा गेले. हार्ट. डॉक्टर म्हणाले, हात बरेच दिवस दुखत असणार. मला त्यांचा राग आला, अजून येतो. रेल्वेचा दवाखाना होता, मी होते, आणि हा माणूस बाम चोळत राहिला, कारण लग्नांच्या तारखा दिलेल्या होत्या.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काम पुन्हा उघडलं. त्या सीझनचे फोटो एकामागून एक पाहिले. पहिल्या लग्नात नवरीच्या नाकाची सावली खाली पडते, जशी पडायला हवी. पुढच्या लग्नांत ती आखूड होत जाते. लातूरला उजेड हनुवटीखालून आलाय, सावल्या उलट्या कपाळाकडे चढल्यात. बाबांचं दुखणं असं चेहऱ्याचेहऱ्यावर छापलेलं होतं. लातूरचे बरेच फोटो मी अल्बममधून काढणार होते. काढवेना, म्हणून सगळे तसेच पाठवले.

चार दिवसांनी लातूरच्या नवरीचा फोन आला. मी नांदेडला प्रिंटच्या लॅबमध्ये होते. तिने मोठा करायला एक फोटो निवडला होता. आहेर संपत आलेला, ती दमून खुर्चीत टेकलेली, आणि बाबांचा हात पार उतरलेला. कुणाला शिकवायचं झालं तर मी जो चुकीचा म्हणून दाखवीन, तो फोटो.

"ताई, बाकीच्यात मी नटून बसलेय. याच्यात मी मी दिसते," ती म्हणाली. "आन् ते लाइटवाले काका हायेत ना, त्यांना सांगा, लई मस्त उजेड धरला होता."

मी फोन घेऊन लॅबच्या बाहेर आले. तिने दोनदा हॅलो म्हटलं.

"ते माझे बाबा आहेत," मी म्हणाले. गिऱ्हाइकाला हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

"अगं बाई! मग तर घरीच सांगता येईल."

"हाव," मी म्हणाले, "सांगते."