आणायला जाणाऱ्या पद्मजाबाई

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत कुणाकडे भारतातून कुणी यायचं असलं, की फोन पद्मजाबाईंना जायचा. कुणाचे आईवडील असोत, शिकायला येणारी भाची असो, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीचा मुलगा असो, बॉस्टनच्या विमानतळावर बाई विमान टेकायच्या आत हजर. "थोडा उशीर झाला तरी चालेल मावशी, ते थांबतील," असं कुणी म्हटलं की बाई फटकारायच्या. "त्यांनी का थांबायचं? थांबायचं ते आपण!"

आज त्या स्वतःच्या नवऱ्याला आणायला आल्या होत्या. विमान केव्हाच उतरलं होतं आणि मनोहरराव काही बाहेर येत नव्हते.

समोरचं काचेचं दार सारखं उघडत होतं आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी माणूस बाहेर येत होतं. बाई कठड्याला धरून उभ्या राहत, मग दोन येरझारा घालत, मग आपल्या पाठीमागे ते येऊन गेले तर, म्हणून धावत परत कठड्याशी. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या निरोपाला एकच टिक होती. हातातली कॉफी निवून गेली होती, ती त्यांनी तशीच प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

भीती साधी होती. मनोहररावांकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. थोरला भाऊ अंथरुणाला खिळला म्हणून ते दोन महिन्यांसाठी साताऱ्याला गेले आणि दहा महिने राहिले. दादा रोज म्हणायचा, "उद्या जा." मग हे उद्यावर ढकलायचे. ग्रीन कार्डवाल्याने इतके दिवस बाहेर काढू नयेत, हे तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वी कुणी फारसं विचारत नसे. यंदा मात्र व्हॉट्सॲपवर रोज नवी गोष्ट. कुणाला विमानतळावरूनच परत पाठवलं, कुणाकडून कार्ड सोडल्याच्या कागदावर सही घेतली. खरं किती, खोटं किती, देव जाणे. बाईंनी फोनवर दहादा बजावलं होतं, "कुठल्याही कागदावर सही करायची नाही." पण मनोहरराव म्हणजे गणवेश दिसला की आधी नमस्कार करणारा माणूस. त्यांच्यापुढे पेन धरलं तर ते थँक यू म्हणून सही करतील, अशी बाईंना धास्ती.

नागरिकत्व का घेतलं नाही, तर वडिलांमुळे. वडील बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याच्या प्रतिसरकारात होते, रानोमाळ लपले, शेवटी तुरुंगात गेले. "ज्या देशासाठी बापाने चक्की पिसली, त्याचा पासपोर्ट मी रांगेत उभा राहून परत करू?" हा मनोहररावांचा सवाल. पद्मजाबाईंनी धाकट्या भावाला बोलावता यावं म्हणून ऐंशीच्या दशकातच शपथ घेऊन टाकली होती. तेव्हापासून हे भांडण त्यांच्या घरी गणपतीसारखं दरवर्षी यायचं, फक्त त्याचं विसर्जन कधी झालं नाही.

आणि गंमत अशी, की बाईंना ही आणायला जायची सवय लागली तीही मनोहररावांमुळेच. चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात ते वूस्टरच्या कारखान्यात नोकरीला आले, तेव्हा अरबांनी तेल रोखलं होतं आणि अख्खी अमेरिका पेट्रोलच्या रांगेत उभी होती. गाडीचा नंबर सम असेल तर सम तारखेला पेट्रोल, विषम असेल तर विषम. न्यायला येणाऱ्या मित्राची नेमकी तारीख चुकली, टाकी कोरडी. मनोहरराव विमानतळावर पातळ सुटात बॅगेवर बसून अर्धा दिवस दाराकडे बघत राहिले. तीन वर्षांनी पद्मजाबाई लग्न होऊन आल्या. हा किस्सा ते हसत हसत सांगायला गेले, तर बाईंना हसू आलं नाही. "आपल्या ओळखीचं माणूस असं बसता कामा नये," म्हणाल्या, आणि गाडी शिकल्या.

त्या काळी बरेच जण न्यूयॉर्कला उतरून तिथून छोट्या विमानाने बॉस्टनला येत. बाई थर्मासात चहा घेऊन थेट विमानाच्या दारापर्यंत जायच्या. कुणी अडवत नसे. नवखं माणूस भेदरल्या डोळ्यांनी बाहेर पाऊल टाकायचं आणि समोर काठपदराची साडी आणि तिच्यावर बर्फातला कोट, "आलात? चला, चहा घ्या."

मग दोन हजार एकचा सप्टेंबर आला. त्या हल्ल्यातली दोन विमानं याच विमानतळावरून उडाली होती. तिकीट नसेल त्याला आत जाणं बंद झालं, थर्मास घरी राहिला. त्याच आठवड्यात शेजाऱ्याने यांच्या दारात एक अमेरिकन झेंडा आणून लावला. माया म्हणून लावला की सांभाळून राहा म्हणून, हे बाईंना अजून उमगलेलं नाही. मनोहररावांनी कॉलेजपासूनची दाढी एका सकाळी उतरवली. दोन हजार आठनंतर नोकऱ्या गेल्या, तेव्हा बाई आणायला कमी आणि सोडायलाच जास्त गेल्या. मागच्या सीटवर मुलं झोपलेली, पुढे बाप खिडकीबाहेर बघत बसलेला. करोनाच्या वर्षी तर कुणी आलंच नाही. श्रूजबरीतल्याच विनीताचे वडील पुण्यात वारले. तिने अंत्यदर्शन फोनवर घेतलं, आणि बाई मास्क लावून तिच्या अंगणात लांब खुर्ची टाकून नुसत्या बसून राहिल्या.

हीच विनीता आज मनोहररावांच्या विमानात होती. शहाण्णव साली तिलाही बाईंनीच विमानाच्या दारातून आणलं होतं. "काकांकडे लक्ष ठेव गं," असं तिला सांगितलेलं होतं. आता दार उघडलं आणि ट्रॉली ढकलत विनीता बाहेर आली. एकटीच. तिने बाईंना पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मावशी, काकांना बाजूच्या खोलीत बसवलंय. पासपोर्ट घेऊन गेलेत त्यांचा."

"आणि तू?"

"माझं लगेच क्लिअर झालं. मी वेट करणार होते, पण तिथला माणूस मूव्ह अलाँग म्हणाला. मी आर्ग्यू कसं करणार? उगाच आपलं नावबिव नोट केलं तर?"

"अगं, तू सिटिझन आहेस ना?"

"हो, पण आजकाल काही सांगता येतं का, मावशी?"

"त्यांना एवढं तरी सांगितलंस का, की मी बाहेर उभी आहे?"

विनीताने फोनकडे पाहिलं. मग "सॉरी, मावशी, राइड आलीय," म्हणून निघून गेली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिच्या बापाच्या दुःखात मी थंडीत कुडकुडत बसले, आणि हिला एका म्हाताऱ्या माणसाच्या शेजारी बसवेना!

त्या तिरीमिरीत त्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे निघाल्या. पर्समध्ये निळा अमेरिकन पासपोर्ट मुठीत आवळून धरला होता. माझा नवरा आत आहे, त्याला का बसवलंय, हे विचारायचं होतं. पन्नास वर्षांचं इंग्रजी होतं, इस्पितळाच्या लॅबमध्ये डॉक्टरांच्या चुका काढलेलं इंग्रजी. पहारेकऱ्याने "येस, मॅम?" म्हटलं आणि बाईंनी पासपोर्टवरची मूठ सोडली.

"रेस्टरूम कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

ती कुठे आहे हे त्यांना त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो दाखवेल तिकडे चार पावलं गेल्या आणि खांबाआड थांबल्या. लाजेने कानशिलं तापली होती. विनीताला बोल लावायला त्यांना आता तोंड राहिलं नव्हतं.

इतक्यात तिकडे दूर अल्फारेटाला राहणाऱ्या मुलाचा, देवांगचा फोन आला. "आई, बाबा बाहेर आले? साइन तर नाही ना केलं कशावर?"

"मला काय स्वप्न पडतंय?"

"मी लॉयरला टेक्स्ट केलंय. आई, आय टोल्ड यू गाइज सो मेनी टाइम्स, जस्ट अप्लाय!"

"मला कशाला सांगतोस? बापाला सांग!" बाईंनी फोन ठेवला. मुलावर ओरडल्यावर जरा बळ आलं. त्या सरळ परत गेल्या आणि या वेळी मान वर करून विचारलं. पहारेकरी वाईट नव्हता. आतलं त्याला काही माहीत नसतं, थांबावंच लागेल, एवढं त्याने मऊपणाने सांगितलं. हाती काही लागलं नाही, पण निदान विचारलं तरी.

आणखी एका विमानाची माणसं बाहेर पडून गेली. मग दार उघडलं आणि मनोहरराव आले. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली, ट्रॉलीचं एक चाक रडत होतं. बाईंना पाहून ते ओशाळं हसले.

"किती वेळ हो!" बाईंना दुसरं काही सुचलंच नाही. "काय विचारलं? सही नाही ना केलीत?"

"नाही केली. कागद पुढे केला होता. म्हटलं, तू रागावशील." ते कठड्याला टेकले. "चांगला होता गं तो पोरगा. म्हणाला, इतके महिने तिकडे होतात, तर तुमचं घर कुठलं? मी विचार करायला लागलो."

"विचार? अहो, श्रूजबरी म्हणून मोकळं व्हायचं!"

"खोटं कसं बोलू? शेवटी म्हटलं, दोन्ही. तर त्याला ते लिहिता येईना." ते हसले, मग हसू मावळलं. "सोडलं त्याने. पण म्हणाला, पुन्हा असं केलंत तर परत यायला मिळेलच असं नाही."

बाईंनी ट्रॉली आपल्या हातात घेतली. दोघं पार्किंगकडे निघाले. लिफ्टपाशी मनोहरराव थांबले.

"पद्मा, तो सिटिझनशिपचा अर्ज भरून टाकू."

चाळीस वर्षं हे वाक्य ऐकायला बाईंचे कान आसुसले होते. ते ऐकल्यावर कसं चिडवायचं, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण मनोहररावांचा चेहरा बघून त्यांना चिडवणं जमेना.

"अमेरिकन झालो, म्हणजे मला कुणी विचारणार नाही ना, किती दिवस साताऱ्याला राहिलात म्हणून?"

"नाही विचारणार."

"मग ठीक. दादाचं आता काही खरं नाही. शेवटी त्याच्या उशाशी असायचं असेल, तर तो भारताचा पासपोर्ट सोडायलाच हवा."

"नको हो," बाईंच्या तोंडून निघून गेलं. आयुष्यभराचं भांडण त्या जिंकल्या होत्या आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. लिफ्ट आली, उघडली, मिटून गेली. मनोहरराव उत्तराची वाट बघत उभे होते, आणि अर्ज भरा म्हणण्यावाचून बाईंपाशी दुसरं उत्तर नव्हतं.