शिंप्याची दाढ

आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर तसे गप्पिष्ट. पण नुसत्या दाढदुखीवर कुणी अँटिबायोटिक मागितलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "आतली नस सुजली आहे. तिथे ती गोळी काही करत नाही," असं म्हणून ते तिथल्या तिथे दाढ उघडायला घ्यायचे. औषध द्यायला डॉक्टर हात आखडता घेतात, असं लोक म्हणत.

याला कारण होता कोपऱ्यावरचा शिंपी. एका गर्दीच्या संध्याकाळी तो गाल धरून आला. दाढ उघडायला वेळ नव्हता, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं. आधी कधीच न झालेली अ‍ॅलर्जी त्याला पहिल्याच गोळीने झाली आणि घसा सुजून तो घरीच दगावला. डॉक्टरांना कुणी बोल लावला नाही. पण खुर्ची मागे कलली की त्यांना तीत शिंपी दिसायचा, गळ्यात मापाची टेप तशीच.

बऱ्याच वर्षांनी त्याची बायको त्याच खुर्चीत येऊन बसली.

"वहिनी, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. दाढ उघडली, आतला दाब गेला आणि ठणका थांबला.

तिने चूळ भरली. "डॉक्टर, त्यांचंही एवढंच करायचं होतं?"

"हो."

दाढ पुरती बरी होईपर्यंत ती येत राहिली. डॉक्टरांशी मात्र पुन्हा एक शब्दही बोलली नाही.